कुत्र्याचे पोट सतत का बिघडते?

भटक्या कुत्र्यांवरून देशभर वाद पेटला तो ऑगस्ट २०२५ मध्ये. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवारा केंद्रांत ठेवण्याचा आदेश दिला. अकरा दिवसांनी, २२ ऑगस्टला, तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने त्यात बदल केला आणि हा विषय साऱ्या देशापुरता विस्तारला. पकडलेल्या कुत्र्यांची नसबंदी करायची, त्यांना जंताचे औषध द्यायचे, लस टोचायची आणि जिथून आणले त्याच भागात सोडायचे, असे या आदेशात म्हटले आहे. रेबीज झालेली, तसा संशय असलेली किंवा आक्रमक कुत्री त्याला अपवाद आहेत. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके अशा ठिकाणांहून कुत्री हटवण्याचा आदेश आला.

या सगळ्यात नसबंदीवर भरपूर चर्चा झाली, लसीवरही झाली. मधला शब्द मात्र बहुतेकांनी वाचून सोडून दिला. तो शब्द म्हणजे जंत. कुत्र्याने घेतलेला चावा बातमी होतो. कुत्र्याचे बिघडलेले पोट होत नाही. पण ज्यांच्या घरात कुत्रा आहे त्यांना विचारा. वर्षभरात पशुवैद्यकाकडे ज्या फेऱ्या होतात, त्यांतल्या कितीतरी उलटी आणि जुलाबासाठीच असतात. औषधाने चार दिवस बरे वाटते, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. असे महिनोन् महिने चालते. हे का होते आणि यातून बाहेर कसे पडायचे, याचा आजच्या लेखात विचार करू. त्यातून आदेशातल्या त्या मधल्या शब्दाचे महत्त्वही लक्षात येईल.

कोल्हापूर शहराला चिकटलेले उचगाव डोळ्यांसमोर ठेवू. करवीर तालुक्यातले, राष्ट्रीय महामार्गालगतचे हे गाव. एकीकडे गांधीनगरची कापडाची बाजारपेठ, दुसरीकडे गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत. शहराच्या हद्दवाढीची चर्चा निघाली की उचगावचे नाव येतेच. अशा अर्ध्या गाव, अर्ध्या शहरात दोन प्रकारची कुत्री शेजारी राहतात. गल्लीतली आणि गेटच्या आतली. आतल्या कुत्र्याला नाव असते, पट्टा असतो, बाहेरच्याला नसतो. पण दोघे एकाच मातीवर फिरतात, एकाच डबक्यात तोंड घालतात आणि बऱ्याचदा एकाच घरचे उरलेले खातात. पोटाचे दुखणे गेट ओळखत नाही.

तीन आठवड्यांची रेघ

कुत्र्याचे पोट एखादा दिवस बिघडणे यात विशेष काही नाही. कुत्रा रस्त्यावरचे काहीही तोंडात घालतो. निरोगी, मोठ्या कुत्र्याचे असे जुलाब बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप थांबतात. तीन आठवड्यांहून जास्त काळ जुलाब, उलट्या किंवा वजन घटणे चालू राहिले, अथवा ते पुन्हा पुन्हा उलटले, तर पशुवैद्यकशास्त्र त्याला जुनाट आजार मानते. ही रेघ महत्त्वाची आहे, कारण ती ओलांडल्यावर प्रश्न बदलतो. तेव्हा ‘जुलाब कशाने थांबतील’ हे विचारण्याऐवजी ‘जुलाब कशामुळे होत आहेत’ हे विचारावे लागते.

उत्तराचा पहिला धागा शी पाहूनच मिळतो. भरपूर प्रमाणात, दिवसातून दोन-तीनदा पातळ होत असेल आणि कुत्रा वाळत चालला असेल, तर बिघाड बहुधा लहान आतड्यात असतो. थोडी थोडी, पण वारंवार होत असेल, कुत्रा कुंथत असेल, आव पडत असेल, शेवटी लालभडक रक्ताचे थेंब दिसत असतील, तर बिघाड मोठ्या आतड्यात असण्याची शक्यता जास्त. डांबरासारखी काळी शी म्हणजे वरच्या बाजूला, पोटात किंवा लहान आतड्यात रक्तस्राव. पशुवैद्यकासाठी ही माहिती सोन्यासारखी असते. ‘पोट बिघडलेय’ एवढेच सांगून भागत नाही.

भाकरी दोषी नाही

कुत्रा लांडग्याचा वंशज, म्हणून त्याला मांसच हवे, भाकरी-भात खाऊन त्याचे पोट बिघडते, असे सांगणारे सल्लागार हल्ली गल्लोगल्ली भेटतात. विज्ञान वेगळे सांगते. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी जानेवारी २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. १२ लांडगे आणि १४ जातींचे ६० कुत्रे यांच्या जनुकांची त्यांनी तुलना केली होती. पिष्टमय पदार्थ पचवणारे अमायलेज हे विकर तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यांत त्या ४ ते ३० आढळल्या. माणसाने शेती सुरू केली, धान्य साठवले, शिजवले आणि त्याच्या उष्ट्यावर जगता जगता कुत्र्याचे पोटही बदलले, असा त्याचा अर्थ आहे.

तेव्हा शिजवलेला भात किंवा भाजलेली ज्वारीची भाकरी बहुतेक कुत्र्यांना पचते. सायबेरियन हस्कीसारख्या बर्फाळ प्रदेशातल्या जातींत या जनुकाच्या प्रती कमी असतात, हे त्या जाती हौसेने पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. भाकरीची खरी उणीव वेगळीच आहे: तिच्यात प्रथिने, कॅल्शियम, जस्त, काही जीवनसत्त्वे पुरेशी नसतात. घरच्या अन्नावर कुत्रा जगतो, पण ते अन्न संतुलित असेलच असे नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी २०१३ मध्ये कुत्र्यांसाठीच्या घरगुती अन्नाच्या २०० पाककृती तपासल्या. त्यांतल्या १९० मध्ये निदान एक तरी आवश्यक घटक कमी भरला. त्यांत पशुवैद्यकांनी लिहिलेल्या पाककृतीही होत्या.

दूध, रस्सा आणि हाडे

भाकरी सुटली, तरी तिच्याबरोबर जे जाते ते सुटत नाही. कोल्हापूर हा दुधाचा जिल्हा. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या ‘गोकुळ’ दूध संघाचा मोठा प्रकल्प उचगावच्या जवळच आहे. इथल्या घरात कुत्र्याला दूध-भाकरी घालणे म्हणजे माया. पण पिल्लू आईचे दूध सोडते तसे त्याच्या आतड्यातले लॅक्टेज हे विकर कमी होत जाते. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, मग न पचता मोठ्या आतड्यात पोहोचते, पाणी ओढून घेते आणि तिथले जिवाणू ती आंबवतात. त्यातून पोट गुडगुडणे, वायू आणि पातळ शी. म्हशीच्या दुधात साधारण ६ ते ७ टक्के स्निग्धांश असतो, त्याचा भार वेगळाच. काही कुत्र्यांना थोडे दूध सोसते, हे खरे. पण ज्याचे पोट सतत बिघडते, त्याचे दूध दोन आठवडे पूर्ण बंद करून पाहणे हा सर्वांत स्वस्त उपचार आहे.

दुसरी गोष्ट रविवारची. मटणाचा बेत झाला की उरलेला तांबडा-पांढरा रस्सा आणि हाडे कुत्र्याच्या ताटात जातात. रश्श्यावरचा तेलाचा तवंग स्वादुपिंडाला झेपत नाही. एकदम खूप स्निग्ध खाल्ल्यानंतर काही कुत्र्यांना स्वादुपिंडाचा दाह होतो. त्यात सतत उलट्या होतात, पोट दुखते, आणि तो जिवावरही बेतू शकतो. आपल्या रश्श्याचा जीव असलेला कांदा-लसूण मसाला कुत्र्यासाठी विषारी आहे. कांद्यातली गंधकयुक्त द्रव्ये त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. वजनाच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा कुत्र्याच्या रक्तावर परिणाम करायला पुरतो, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला दीडशे ग्रॅमपासून पुढे. एका वाटी रश्श्यात एवढा कांदा नसेल, पण हे रोजचे झाले तर अपाय साचत जातो. वाळवून कुटलेल्या मसाल्यात तर कांदा अधिकच दाट असतो.

शिजवलेल्या हाडांचे काटे होतात. ते आतडे ओरबाडतात, कधी अडकतात. सांगली-तासगावकडून आलेली द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी करू शकतात. त्यामागे टार्टारिक आम्ल असावे असे २०२१ पासून मानले जाऊ लागले आहे, आणि ते आम्ल चिंचेतही भरपूर असते. चॉकलेट आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले पदार्थ हेही याच यादीत. मुलांच्या हातून दिवसभर मिळणारी ग्लुकोज बिस्किटे विषारी नाहीत, पण ‘आम्ही त्याला वेगळे काहीच देत नाही’ या वाक्यात ती कधीच मोजली जात नाहीत.

गोळ्यांचा फेरा

आता नेहमी काय घडते ते पाहू. जुलाब लागले की घरातल्या माणसांसाठी आणलेली मेट्रोनिडाझोलची उरलेली गोळी अर्धी करून दिली जाते. नाहीतर औषधाच्या दुकानातून ‘कुत्र्याला द्यायचीय’ असे सांगून आणली जाते. चार दिवसांत शी घट्ट होते. गोळी बंद केली की काही दिवसांत पुन्हा पातळ. मग दुसरी गोळी, अधिक जोरदार. प्रत्येक वेळी गोळीने गुण आल्यासारखा वाटतो, म्हणून दोष गोळीकडे जात नाही.

मेट्रोनिडाझोलने काहीच होत नाही असे म्हणणे चुकीचे ठरेल. तीव्र जुलाब झालेल्या कुत्र्यांवरच्या एका तुलनात्मक प्रयोगात या औषधाने जुलाब सरासरी दीड दिवस लवकर थांबले. पण ज्यांना औषध दिले नव्हते त्यांचेही सरासरी चार दिवसांच्या आत थांबले होते. या दीड दिवसाची किंमत किती? अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठात २०२० मध्ये निरोगी कुत्र्यांना दोन आठवडे मेट्रोनिडाझोल देऊन त्यांच्या आतड्यातले जिवाणू तपासले गेले. उपयुक्त जिवाणूंची विविधता घटली. औषध थांबवल्यावर चार आठवड्यांनीही काही कुत्र्यांत ती पूर्वपदावर आली नव्हती. यातले काही जिवाणू पित्ताम्लांवर प्रक्रिया करून त्यांना आतड्याला उपकारक रूप देतात. ते नाहीसे झाले की प्रक्रिया न झालेली पित्ताम्ले साचतात आणि जुलाबाला वाट मिळते. म्हणजे जुलाबासाठी दिलेली गोळी पुढच्या जुलाबाची तयारी करून ठेवू शकते. हे औषध जास्त मात्रेत किंवा दीर्घकाळ दिल्यास कुत्र्याचा तोल जातो, झटकेही येऊ शकतात.

म्हणूनच युरोपातल्या तज्ज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत सौम्य आणि मध्यम स्वरूपाच्या तीव्र जुलाबांत कुत्र्यांना प्रतिजैविके देऊ नयेत, असे स्पष्ट म्हटले आहे. जुनाट जुलाबांतही ‘आधी प्रतिजैविक देऊन पाहू’ ही जुनी पायरी आता मागे पडली आहे.

यात प्रश्न फक्त कुत्र्याचा राहत नाही. अमेरिकेत २०१६ ते २०१८ या काळात शंभराहून अधिक माणसांना कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूमुळे जुलाब झाले. शोध घेतल्यावर धागा पाळीव प्राण्यांच्या दुकानांतल्या पिल्लांपर्यंत पोहोचला. हा जिवाणू नेहमीच्या अनेक औषधांना दाद देत नव्हता. तपासलेल्या १४९ पिल्लांपैकी १४२ पिल्लांना, म्हणजे ९५ टक्के पिल्लांना, आधी प्रतिजैविके दिली गेली होती. निम्म्याहून अधिक पिल्लांना तर ती कोणताही आजार नसताना, केवळ खबरदारी म्हणून दिली होती. कुत्रा आपल्या घरात, मुलांच्या अंथरुणात असतो. त्याच्या आतड्यात औषधाला न जुमानणारे जिवाणू वाढले, तर ते आपल्या हातांवरही येतात. औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट ओढवले, असा जागतिक अंदाज आहे. या आकड्यात कुत्र्याला दिलेल्या अर्ध्या गोळीचा वाटा किती हे मोजता येत नाही. पण ती गोळी याच रस्त्यावरची आहे.

क्रम ठरवा: आधी जंत, मग अन्न, मग बाकीचे

पोटाच्या जुनाट तक्रारीत उपचाराला क्रम असतो. तो पाळला तर पैसे वाचतात आणि कुत्राही.

पहिली पायरी शी तपासण्याची. हुकवर्म, गोलकृमी, चाबूककृमी, पिसवांमधून येणारा टेपवर्म आणि जिआर्डिया हा सूक्ष्म परजीवी, हे आपल्याकडचे नेहमीचे पाहुणे. हुकवर्म आतड्याला चिकटून रक्त पितो. लहान पिल्लू त्याने पांढरे पडून दगावू शकते. ‘जंताची गोळी दिलीय’ याने विषय संपत नाही. सगळ्या गोळ्या सगळ्या जंतांवर चालत नाहीत आणि मात्रा वजनावर ठरते. जंतांची अंडी रोज शीतून पडतीलच असे नसते, म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने तपासणे चांगले. ताजी शी स्वच्छ डबीत घेऊन लवकर पोहोचवावी. गोठ्यातल्या जनावरांसाठी आणलेले आयव्हरमेक्टिन अंदाजाने कुत्र्याला कधीही देऊ नये; कोलीसारख्या काही जातींच्या मेंदूवर ते घातक परिणाम करते.

दुसरी पायरी अन्नाची, आणि सर्वांत महत्त्वाची हीच. आतड्याचा जुनाट विकार असलेल्या कुत्र्यांपैकी निम्म्याहून अधिक कुत्रे केवळ अन्न बदलल्याने सुधारतात, असे वेगवेगळ्या अभ्यासांतून दिसते. पण अन्न बदलणे म्हणजे दर चार दिवसांनी नवा ब्रँड आणणे नव्हे. कुत्र्याने आजवर न खाल्लेले एकच प्रथिन आणि एकच पिष्टमय पदार्थ निवडायचा. रोज चिकन खाणाऱ्याला पशुवैद्यकाच्या सल्ल्याने मासे आणि बटाटा, असे काही. नाहीतर प्रथिनांचे बारीक तुकडे केलेले खास औषधी अन्न वापरायचे. दोन आठवडे त्याखेरीज काहीही नाही: बिस्किट नाही, दूध नाही, आजीच्या ताटातला घास नाही, चवीची चघळण्याची गोळीही नाही. अन्नाने बरा होणारा कुत्रा बहुधा या दोन आठवड्यांतच फरक दाखवतो. सुधारला, तर जुने अन्न पुन्हा देऊन पाहायचे. त्रास उलटला की कारण पक्के झाले. ही शेवटची परीक्षा बहुतेक जण टाळतात आणि मग नक्की काय सोसत नाही हे कधी कळतच नाही. दोन आठवड्यांसाठीचे हे अन्न कायमचे ठेवायचे असेल, तर ते संतुलित करून घ्यावे लागते.

बिघाड मोठ्या आतड्यात असेल तर तंतुमय पदार्थांचा उपयोग होतो. आपल्या ओळखीचा इसबगोल अशा कुत्र्यांवर वापरून पाहिला गेला आहे आणि अनेकांना गुण आला आहे. मात्र त्याचे प्रमाण पशुवैद्यकाने ठरवावे आणि बरोबर पुरेसे पाणी हवे. दह्याबद्दल बरेच जण विचारतात. दुधापेक्षा दह्यात लॅक्टोज कमी असते, त्यामुळे ते काहींना सोसते. पण दही हे जुनाट आजाराचे औषध नव्हे.

तिसरी पायरी रक्ततपासणीची. रक्तातली प्रथिने, ब-१२ जीवनसत्त्व, स्वादुपिंडाची विकरे, यकृत, मूत्रपिंड, अधिवृक्क ग्रंथीचे संप्रेरक. जर्मन शेफर्ड भरपूर खाऊनही वाळत असेल आणि शी फिकट, तेलकट, ढीगभर होत असेल, तर त्याचे स्वादुपिंड पाचक विकरे बनवत नसण्याची शक्यता असते. तिथे विकरांची भुकटी अन्नात मिसळली की कुत्रा उभा राहतो, आणि प्रतिजैविकांचे दहा कोर्स वाया गेले हे तेव्हा कळते. त्यानंतर सोनोग्राफी आणि गरज पडल्यास दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासणी. स्टेरॉइडसारखी औषधे त्यानंतरची. ती आधीच सुरू केली, तर आतड्याचा कर्करोगही काही काळ झाकला जातो.

वाट कधी पाहू नये

पाच महिन्यांखालच्या, लसीकरण अपुरे असलेल्या पिल्लाला उलट्या आणि दुर्गंधीयुक्त, रक्ताळ जुलाब लागले, तर आधी पार्व्होचा संशय घ्यावा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला हा विषाणू आजही पिल्लांचा मोठा शत्रू आहे. त्याची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत टप्प्याटप्प्याने द्यावी लागते. एक टोचणी पुरत नाही. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकण्यास २०१७ च्या केंद्रीय नियमांनी मनाई आहे. महिन्याचे पिल्लू आईपासून तोडून आणले, की त्याच्या पोटाचे दुखणेही बरोबर विकत घेतले असे समजावे.

मोठा कुत्रा पाणीही पोटात ठेवत नसेल, पोट फुगून उलटीचे नुसते उमाळे येत असतील, शी काळी होत असेल, हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील किंवा तो उठत नसेल, तर डायरी लिहीत बसू नये. आणखी एक. कुत्र्याच्या तोंडातून अचानक लाळ गळू लागली, गिळता येईना, वागणे बदलले, तर ‘हाड अडकले असेल’ म्हणून तोंडात हात घालू नका. आपल्या देशात अशा वेळी आधी रेबीजचा विचार करावा लागतो.

गेटबाहेरचे पोट

आता पुन्हा त्या विसरलेल्या शब्दाकडे. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री नोंदली गेली. त्यांच्या पोटात काय आहे हा प्रश्न त्यांच्यापुरता उरत नाही. गोलकृमीची अंडी शीतून मातीत पडतात आणि तिथे वर्षानुवर्षे टिकतात. मुलांच्या हातांवाटे ती पोटात गेली, तर त्यांतून निघालेल्या अळ्या यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यांतही भटकतात. हुकवर्मच्या अळ्या ओल्या मातीत आठवडाभरात तयार होतात आणि अनवाणी पायांच्या त्वचेत शिरतात. तिथे खाजरी, नागमोडी रेघ उमटते. कोल्हापूरच्या पावसाळ्यातली चिखलाची पायवाट त्यांना फार मानवते.

यातच एक आशेची गोष्ट आहे. गोलकृमीची अंडी बाहेर पडल्या पडल्या बाधा करू शकत नाहीत. त्यांना तयार व्हायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. म्हणजे कुत्र्याची शी रोजच्या रोज उचलली, तर साखळी तिथेच तुटते. फिरायला निघताना खिशात एक पिशवी ठेवणे हा इतका साधा उपाय आहे, आणि तो आपल्या कॉलनींत अजून रुजलेला नाही.

बाकीचे काम संस्थांचे. प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ नुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थांची जबाबदारी आहे. न्यायालयाच्या आदेशाने त्यात जंतांचे औषध स्पष्टपणे आले. पण एकदा पाजलेले औषध शरीरात टिकत नाही. कुत्रा त्याच मातीत परतला की काही आठवड्यांत त्याला पुन्हा बाधा होऊ शकते. नसबंदीसाठी आयुष्यात एकदा पकडलेल्या कुत्र्याला एकदाच औषध देऊन कागदावरचा रकाना भरेल, गल्लीतली माती स्वच्छ होणार नाही. आदेशाप्रमाणे खाऊ घालण्याच्या जागा नेमल्या गेल्या, तर तिथेच ठरावीक महिन्यांनी अन्नातून जंताचे औषध देता येईल. ही सांगड ग्रामपंचायत, पशुसंवर्धन विभाग आणि कुत्र्यांना खाऊ घालणारे लोक यांनी मिळून घालायची आहे. चिकनच्या दुकानांचा कचरा उघड्यावर पडू न देणे हे त्याच कामाचे दुसरे अंग.

उपचारांच्या सोयीतही दरी आहे. आपले सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने उभे राहिले ते गाय, म्हैस, शेळीसाठी, आणि दुधाच्या जिल्ह्यात ते स्वाभाविकच होते. पण आता घरोघरी कुत्रा आला आहे आणि त्याच्या जुनाट दुखण्याला शी-रक्ताची तपासणी, सोनोग्राफी आणि अर्धा तास शांतपणे ऐकून घेणारा डॉक्टर लागतो. ती सोय जवळ नसली, की औषधाचे दुकान हाच दवाखाना होतो. तालुक्याच्या पातळीवर निदान शी तपासणारी सूक्ष्मदर्शकाची सोय सहज मिळू लागली, तरी कितीतरी अनावश्यक गोळ्या वाचतील. हद्दवाढ होवो न होवो, उचगावसारख्या गावांनी ही मागणी आत्ताच करायला हवी.

तोवर घरात करण्यासारखे एक काम आहे. एक वही घ्या. रोजची तारीख, कुत्र्याच्या तोंडात गेलेला प्रत्येक घास, शी किती वेळा आणि कशी झाली, उलटी झाली का, आठवड्याचे वजन, आजवर दिलेली सगळी औषधे. शीचा फोटो काढायला लाजू नका. दोन आठवड्यांची ही वही आणि ताज्या शीची डबी घेऊन नोंदणीकृत पशुवैद्यकाकडे जा, आणि गोळी लिहून घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: आपण कारण शोधतोय की जुलाब थांबवतोय? आणि ती उरलेली अर्धी गोळी मात्र कपाटातून काढून टाका.